पिनचे कप की पट्टीचे कप?

घोड्यांच्या उड्यांचं सामान घ्यायला निघालेला माणूस आधी पोल, म्हणजे उडीचा आडवा दांडा, बघतो. लाकडी की पीव्हीसी, रंग कुठले, लांबी 3 मीटर की साडेतीन. मीही तसाच निघालो होतो. पुण्याबाहेर आमचं छोटं रिंगण आहे, सहा घोडे, रायडर बहुतेक शाळकरी. दोन्ही तऱ्हांचं सामान वापरून झाल्यावर आता कुणी विचारलं तर सांगतो, पोलपाशी फार अडू नका. पोल ज्यावर टेकतो तो कप बाजूच्या उभ्या स्टँडला कसा अडकतो, ते आधी ठरवा.

तरी पोलचं उरकून घेतो. चार इंची पीव्हीसी पाइप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, कुजत नाही, आणि बारा वर्षांची मुलगीही तो एकटी उचलून लावते. पण त्याला वजन नाही. लागला तरी काही बिघडत नाही हे हुशार घोड्याला लवकर कळतं आणि मग तो पाय आळसाने उचलायला लागतो. शिवाय आपलं ऊन. दोन-तीन उन्हाळे खाल्लेला पाइप ठिसूळ होतो आणि घोडा वरून आला तर त्याचे धारदार तुकडे होतात. जमिनीवर ठेवायला तर तो नकोच. लाकडाचा साडेतीन मीटरचा, 10 सेंटिमीटर जाडीचा पोल पाइनचा असेल तर तेरा-चौदा किलो भरतो. घोडा त्याला मान देतो. निलगिरीचे वासे स्वस्तात मिळतात, पण वाळताना पीळ घेतात, आणि वाकडा पोल कपात फिरून पोट खाली करून बसतो. मी पाइनचे घेतले. पावसाळ्यात शेडमध्ये हलवायचा व्याप आहे, तो मान्य.

आता कप. आपल्याकडचा सर्रास प्रकार म्हणजे भोकं पाडलेला स्टँड, लोखंडी कप आणि आरपार जाणारी पिन. तो वाईट नाही. वर्कशॉपमधून करून घेता येतो, मोडला तर गावातच जोडून मिळतो, वर्षानुवर्षं टिकतो. फक्त करून घेताना खोली स्वतः सांगा. एफईआयच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या जागतिक संघटनेच्या, नियमात पोलच्या कपाची खोली किमान 18 आणि कमाल 30 मिलिमीटर आहे, पोल त्यात गडगडला पाहिजे म्हणून. वेल्डरला सांगितलं नाही तर तो खोल कप करून देतो; पोल पडू नये हेच कपाचं काम, अशी त्या बिचाऱ्याची प्रामाणिक समजूत असते. फळी किंवा गेट लावायचं असेल तर कप आणखी उथळ, जवळजवळ सपाट लागतो.

माझं बिनसलं ते पिनशी. एका तासात लहान मुलांची बॅच, मग मोठ्यांची, म्हणजे प्रत्येक स्टँडची उंची दोन-तीनदा बदलायची. दर वेळी पिन काढा, ती दातात धरा, एका हाताने कप, दुसऱ्याने पोल, आणि पिन वाळूत. साखळीने बांधून पाहिल्या. साखळी सहा महिन्यांत तुटते. मग एका जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दोरीला बांधलं आणि संध्याकाळी नांगर ओढावा तसं रिंगणातून ओढायला लागलो. हसू नका, खुराच्या तळव्यात लोखंड घुसलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

पण खरी गोम पुढेच होती. पिन सापडली नाही की पोरं थांबत नाहीत. सळईचा तुकडा घालतात, नट-बोल्ट आवळतात. एकदा ऑक्सरच्या (पुढे-मागे दोन पोल असलेल्या रुंद उडीच्या) मागच्या पोलचा कप कुणीतरी बाइंडिंग तारेने स्टँडला करकचून बांधला, कडा वर वळलेली. मी बघितलं नव्हतं, चूक माझीच. घोडी मागच्या पोलवर उतरली, पोल वळलेल्या कडेत अडकला आणि स्टँडच अंगावर आला. मोडतोड काही झाली नाही, मुलगीही टिकली, पण त्या घोडीला ऑक्सरकडे पुन्हा सरळ न्यायला दोन महिने गेले.

त्यानंतर चावीच्या भोकांची, म्हणजे वर रुंद आणि खाली अरुंद छिद्रांची, पट्टी मागवली. स्टँडच्या उभ्या अंगाला स्क्रूने बसवायची, कपाच्या पाठीची बटणं रुंद भोकात घालून खाली सरकवायची, झालं. पिन नाहीच, त्यामुळे हरवायला काही नाही आणि जुगाड करायलाही काही नाही. उंची बदलायला एक हात पुरतो. उडीवर न लागणारा कप काढून ठेवायची शिस्त आमच्याकडे आली तीही यानंतरच. पूर्वी रिकामे लोखंडी कप स्टँडवर तसेच राहायचे, घोड्याच्या खांद्याची वाट बघत.

पट्टीतही उणिवा आहेतच. पट्टी इथे सहज मिळत नाही, खर्च जास्त. भोकांत वाळू भरते, ब्रश फिरवावा लागतो. पोलला खालून दणका बसला तर कप कधीकधी वर उचलून सुटतो. प्लॅस्टिकचे कप आमच्या उन्हात किती वर्षं काढतील, माझ्याकडे अजून चौथंच वर्ष आहे.

सेफ्टी कप मात्र दोन्ही तऱ्हांत घ्याच. वरून भार आला की त्याची टेकण खाली सुटते. एफईआयच्या स्पर्धांत ऑक्सरच्या मागच्या पोलला, आणि ट्रिपल बारला (चढत्या उंचीच्या तीन पोलांच्या उडीला) मधल्या व मागच्या पोलला, मान्यताप्राप्त सेफ्टी कपच लागतात. सरावात कुणी तपासायला येत नाही, म्हणून आपल्याकडे ते सोडून दिले जातात. घोडा सरावातच जास्त उड्या मारतो, नाही का?

तुमच्याकडे रोज एकच बॅच असेल, उड्या आठवडाभर हलत नसतील आणि हाताशी घोडे सांभाळणारा जाणता मोतद्दार असेल, तर पिनचे कप घेऊन उरलेल्या पैशांत चांगले पोल घ्या, मी नाही म्हणणार नाही. मुलं स्वतः उड्या लावत असतील तर सुताराकडून साधे लाकडी स्टँड करून त्यांना पट्टी बसवा. सगळ्या स्टँडना जमत नसेल तर आधी दोन ऑक्सरच्या स्टँडना.

ते चुंबक अजून खोगीर-लगाम ठेवायच्या टॅक-रूममध्ये खिळ्याला टांगलेलं आहे. गेल्या दिवाळीत वाळू उलटवली तेव्हा तीन पिना निघाल्या.