उभ्या गाडीची बॅटरी उतरते? डीसी क्लॅम्पमीटर काही महिने वापरल्यानंतर

गाडी असलेल्या प्रत्येकाने हा मीटर घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण तुमची गाडी सोमवार ते शुक्रवार पार्किंगमध्ये उभी असेल आणि शनिवारी सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक वाजत असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी डीसी क्लॅम्पमीटर घ्या, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून तिच्यातून जाणारा करंट मोजणारा मीटर. मी पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, आता थंडी पडलीय. एवढ्या वापरानंतर हे अगदी ठामपणे सांगतोय.

माझी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. पुण्यात ऑफिसला मेट्रोने जातो, गाडी निघते ती सुट्टीलाच. बॅटरी उतरायला लागली तेव्हा गॅरेजने "बॅटरी गेली" म्हणत नवी बसवली. थोड्याच दिवसांत तीही उतरली. पूर्ण चार्ज करून थोडा वेळ ठेवल्यावर ती १२.६ व्होल्ट दाखवत होती, इंजिन चालू असताना १४.२. म्हणजे बॅटरी धड आणि इंजिन चालू असताना ती चार्ज करणारा अल्टरनेटरही धड. वीज जात होती ती गाडी बंद असताना, आणि ती किती जाते हे मोजल्याशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

साध्या मल्टिमीटरनेही हे मोजता येतं, पण त्यासाठी निगेटिव्ह टर्मिनल सोडवून टर्मिनल आणि वायरीच्या मधोमध मीटर जोडावा लागतो. टर्मिनल सुटला की गाडीतली सगळी कंट्रोल युनिट्स (छोटे संगणक) नव्याने जागी होतात, आणि जे यंत्र अडकून वीज खात होतं तेच कधीकधी तेवढ्यापुरतं सुधारतं. शिवाय मीटर जोडलेला असताना कुणी सेल्फ मारला तर त्याचा १० अँपिअरचा फ्यूज गेलाच. क्लॅम्पमीटरला काहीच सोडवावं लागत नाही. निगेटिव्ह टर्मिनलवरून निघणाऱ्या सगळ्या वायरी एकत्र जबड्यात घ्यायच्या, झालं. सगळ्या म्हणजे सगळ्या. बऱ्याच गाड्यांना तिथे दोन वायरी असतात आणि एकच पकडली तर आकडा फसवा येतो.

खरी कसोटी थांबण्याची. बॉनेट उघडं ठेवा, दार उघडं लागणार असेल तर त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने मिटवून ठेवा म्हणजे गाडीला दार बंद वाटेल, आणि चावी घरात ठेवून या. सुरुवातीला मीटर दोन-तीन अँपिअर दाखवेल, त्याने घाबरू नका. आजच्या गाड्यांना पूर्ण झोपायला दहा मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत वेळ लागतो. त्यानंतर आकडा ०.०५ अँपिअरच्या खाली यायला हवा. माझा ०.२४ वर अडून बसला. दिवसाला पावणेसहा अँपिअर-अवर, पाच दिवसांत जवळजवळ २९. पस्तीसच्या बॅटरीत उरतं काय?

पुढे फ्यूज. एकेक फ्यूज उपटत बसू नका, त्यानेही युनिट्स जागी होतात. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्यांना टोकं लावायची. शून्य आलं तर त्या वाटेने करंट जात नाही. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर एक मिलिव्होल्ट म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर. माझ्या गाडीत ऑडिओचा फ्यूज बोलला. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओची लाल वायर, जी चावी फिरवल्यावरच जिवंत व्हायला हवी, ती कायम चालू असणाऱ्या पिवळ्या वायरीला जोडून टाकली होती. स्क्रीन काळी, पण आतला संगणक रात्रभर जागा. लाल वायर सोडवून चावीच्या लाइनवर घेतली, तेव्हापासून आकडा ०.०२. संपूर्ण पावसाळा गेला, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सेल्फ मारायची जंपर केबल डिकीतून बाहेर काढावी लागली नाही.

मीटर सोसायटीतही फिरला. एका काकांच्या गाडीत ग्लोव्ह बॉक्सचा दिवा झाकण लावल्यावरही जळत होता. शेजारच्या ताईंच्या गाडीत मात्र गळती फक्त ०.०३, तरी बॅटरी उतरायची. रात्रभर टर्मिनल काढून ठेवला, सकाळी व्होल्टेज तरीही पडलेलं. तिथे बॅटरीच म्हातारी होती, बदलणं हाच इलाज. डॅशकॅमचा पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही चालणारं रेकॉर्डिंग) वापरणाऱ्यांनी त्याची कट-ऑफ मर्यादा, म्हणजे किती व्होल्टला तो स्वतःहून बंद होतो, ती नक्की बघा. एका गाडीत ती ११.६ व्होल्टवर होती. तिथवर बॅटरी जवळपास रिकामी होते, आणि अशी वारंवार रिकामी होऊन पडून राहिली की प्लेट्सवर सल्फेट बसून तिची ताकद कायमची जाते. आम्ही ती १२.२ वर नेली.

मीटरच्या तक्रारी दोन. शून्य सरकतं: सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो, त्यामुळे मीटर नुसता फिरवला तरी आकडा हलतो. म्हणून वायरीजवळ, ज्या कोनात मोजायचं त्याच कोनात धरून झीरोचं बटण दाबावं लागतं, दर वेळी. दुसरी, अर्धा तास वाट बघत असताना तो स्वतःच बंद पडतो. चालू करताना एक बटण दाबून धरलं की ही सवय थांबते, पण ते माहितीपत्रकात शोधावं लागलं.

घेताना वेष्टनावर डीसी अँपिअर लिहिलंय का ते वाचा. स्वस्तातले बरेच क्लॅम्पमीटर करंट फक्त एसीचा, म्हणजे घरातल्या विजेचा मोजतात; गाडीच्या बॅटरीचा करंट डीसी, त्यामुळे गाडीला त्यांचा काही उपयोग नाही. सगळ्यात खालच्या रेंजमध्ये किमान ०.०१ अँपिअरचा फरक दिसायला हवा, ०.००१ मिळाला तर उत्तम. मला तो नव्या बॅटरीपेक्षा कमी पैशांत मिळाला.