वाटाघाटींच्या खोलीत नेणारे आत्मकथन

संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचे ‘इंटरव्हेन्शन्स: अ लाइफ इन वॉर अँड पीस’ हे इंग्रजी आत्मकथन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते नादेर मूसावीजादेह यांच्या साहाय्याने लिहिलेले आहे. आजच्या घानामधील कुमासी येथे १९३८ मध्ये जन्मलेले अन्नान १९६२ मध्ये जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या सेवेत रुजू झाले, आणि राष्ट्रसंघाच्या कर्मचारीवर्गातून थेट सरचिटणीसपदी निवडले गेलेले ते पहिलेच. त्यांच्या आयुष्यातील मोठ्या घटना बहुतेकांना ठाऊक असतात. संघर्षात उतरलेल्या दोन माणसांना एकमेकांशी बोलायला लावायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र ठाऊक नसते, आणि या पुस्तकाचे खरे मोल मला त्यातच वाटते.

केनियाचा प्रसंग त्या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. डिसेंबर २००७ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर तेथे हिंसाचार उसळला, हजाराहून अधिक लोक मारले गेले आणि लाखो बेघर झाले. आफ्रिकी संघाच्या वतीने अन्नान, मोझांबिकच्या माजी शिक्षणमंत्री ग्रासा माशेल आणि टांझानियाचे माजी अध्यक्ष बेंजामिन म्कापा यांनी मध्यस्थी हाती घेतली. बोलणी रेंगाळू लागली तेव्हा दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना राजधानीच्या गदारोळापासून दूर, त्सावोच्या अभयारण्यातील एका निवासस्थानी नेण्यात आले. तरीही सत्तावाटपासाठी नव्याने निर्माण करायच्या पंतप्रधानपदाच्या अधिकारांवर घोडे अडलेच. तेव्हा अन्नान यांनी प्रतिनिधींची चर्चा थांबवली आणि अध्यक्ष म्वाई किबाकी व विरोधी पक्षनेते रायला ओडिंगा या दोन नेत्यांनाच समोरासमोर बसवले. सोबतीला टांझानियाचे अध्यक्ष जकाया किक्वेते होते, ज्यांच्या देशात अध्यक्ष आणि पंतप्रधान ही दोन्ही पदे नांदत असल्यामुळे ही व्यवस्था चालू शकते हे ते अनुभवाने सांगू शकत होते. २८ फेब्रुवारी २००८ रोजी करारावर सह्या झाल्या. कोणाला खोलीत घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे आणि चर्चा कोणत्या क्षणी थांबवायची, या साध्या भासणाऱ्या निर्णयांवर किती जीव अवलंबून असतात, हे येथे फार स्पष्टपणे जाणवते.

रवांडाविषयीच्या भागाने मात्र माझे समाधान झाले नाही. जानेवारी १९९४ मध्ये किगालीतील शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ डालेर यांनी हुतू कट्टरपंथीयांच्या शस्त्रसाठ्यांची माहिती तारेने कळवली होती. ते साठे जप्त करण्याची परवानगी अन्नान तेव्हा प्रमुख असलेल्या, राष्ट्रसंघाच्या शांतिसेना विभागाने नाकारली, आणि एप्रिलपासून सुरू झालेल्या वंशसंहारात सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. आदल्या ऑक्टोबरमध्ये सोमालियाची राजधानी मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक ठार झाल्यानंतर कोणतेही मोठे राष्ट्र आफ्रिकेत सैन्य पाठवायला धजावत नव्हते, हे अन्नान यांचे स्पष्टीकरण खरे आहे व त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. तरीही येथे बोलतो तो माणसापेक्षा अधिकारी, आणि इतक्या भयंकर घटनेपाशी लेखकाने आणखी थांबायला हवे होते असे मला मनापासून वाटते.

मांडणी कालक्रमाने नसून विषयवार आहे. शांतिसेना, मानवी हक्क, आफ्रिका, दारिद्र्य, मध्यपूर्व आणि इराक असे विभाग पडत असल्यामुळे तीच वर्षे पुन्हा पुन्हा येतात आणि राष्ट्रसंघाच्या कारभाराशी अपरिचित असलेल्या वाचकाचा गोंधळ होऊ शकतो. संस्थात्मक सुधारणांवरील पाने अहवालासारखी वाटतात. ती चाळून पुढे गेले तरी चालेल. घरगुती आयुष्याचा तपशील शोधणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागणार नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांचे विद्यार्थी, पत्रकार आणि कोणत्याही पातळीवर तंटे मिटवण्याचे काम करणारे कार्यकर्ते यांनी मात्र हे पुस्तक जरूर विकत घ्यावे, आणि शक्य तर आफ्रिकेवरील प्रकरणापासून वाचायला सुरुवात करावी.