मांडवीवरची बिननावाची भजीगाडी: भज्यांना पैकीच्या पैकी, बादलीला नापास

रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. त्यातली शेवटून दुसरी, निळ्या ताडपत्रीची. पाटी नाही, नाव नाही, नवरा-बायको दोघंच चालवतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी रोजची फेरी तिथवर असते, त्यामुळे हे एका भेटीवरचं मत नव्हे.

भजी आधी. कांदा उभा आणि पातळ, पिठाचा नुसता हात लागलेला, ओवा जाणवतो, सोडा नाही. 40 रुपयांत आठ-नऊ, सोबत तळलेली मिरची आणि लसणीची सुकी चटणी. कोकम सरबत 20 रुपये, घरच्या अमृतकोकमाचं. बाटलीतल्या लालभडक पाण्याची सवय असेल तर रंग फिका वाटेल. वडा ठीक, भेळ मागू नका.

पण मी लिहायला बसले ती भांड्यांसाठी. इथे उभ्याने खायचं तर स्टीलची ताटली. घरी न्यायचं तर सुपारीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या रुंद देठाची, वर केळीचं पान. वर्तमानपत्राचा तुकडा कुठेही नाही. सरबताचा स्टीलचा ग्लास घेऊन वाळूत उतरायचं असेल तर 10 रुपये अनामत, ग्लास परत दिला की पैसे परत. परवा एक पाहुणे यावरून चिडले. "दहा रुपयांचा विश्वास नाही का?" गाडीवाला शांतपणे म्हणाला, "विश्वास हाय हो, पण गेल्या मे महिन्यात बावीस ग्लास समुद्रानं नेले." थोड्या वेळाने त्याच पाहुण्यांचा मुलगा ग्लासात वाळू भरून धावत आला आणि हात पुढे करून उभा राहिला. वाळूसकट घेतला, नोट दिली.

बाकीच्या बहुतेक गाड्यांवर 'कागदी' कप. मी एक घरी आणून रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी कागदाचा लगदा निघून गेला आणि आतला प्लॅस्टिकचा पापुद्रा अख्खा, कपाच्या आकाराचा, बोटात लटकत राहिला. भरतीबरोबर हाच पापुद्रा जाळ्यात येतो. राज्यात मार्च 2018 पासून प्लॅस्टिकबंदी आहे, पहिल्यांदा सापडलं तर 5,000 रुपये दंड. देशभरात एकदा वापरून फेकायच्या कितीतरी वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून बंदी. स्ट्रॉ मात्र मला कालही वाळूत मिळाल्या, सात. मी मोजते, काय करणार, बँकेतली सवय.

तेलाची चौकशी केली. तळणीच्या तेलातले बिघडलेले घटक, ज्यांना पोलर कंपाउंड म्हणतात, 25 टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरायचं नाही, असा 2018 पासून अन्नसुरक्षेचा नियम आहे. गाडीवर कोण यंत्र लावून बघणार? ही बाई फेसावरून ओळखते. भजी काढल्यावरही फेस बसेना की कढई उतरवते. उरलेलं तेल डब्यात साठतं, बायोडिझेलवाला येऊन नेतो म्हणतात. डबा मी पाहिलाय, बायोडिझेलवाला अजून पाहायचाय.

आता बादली. ताटल्या धुवायला दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. साडेपाचला दुसरीतलं पाणी नितळ, तळ दिसतो. सातला दोन्हींचा रंग एक. तिसरी बादली हवीच, आणि ही माझी पहिली तक्रार. दुसरी मोठी: हे पाणी ओतलं जातं मागच्या वाळूत. मांडवीची वाळू मुळातच काळी, म्हणून डोळ्यांना कळत नाही. वास मात्र लपत नाही. कुत्री तिथेच पसरलेली असतात. प्लॅस्टिक टाळून स्टील आणलं की धुण्याचं पाणी मागोमाग येतं, त्याचाही हिशोब ठेवायला हवा.

मी बोलले तर म्हणाला, "काकू, वायच ऐका. नळ नाय. घरून कॅन भरून आणतो, ते पुरवून वापरतो." खरंच आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात शहरासाठी समिती सांगितलीय आणि तीत निदान 40 टक्के जागा निवडून आलेल्या फेरीवाल्यांच्या. जागा, भाडं यांबरोबर गाड्यांच्या रांगेला एक नळ आणि सांडपाण्याची एक वाट त्यांनी मागावी. तोवर मी त्याला माझ्या भावाच्या खानावळीतली युक्ती सांगितलीय: झाकणाचा ड्रम घ्यायचा, पाणी जायचा पाईप आत तळाशी सोडायचा आणि त्याचं बाहेरचं तोंड ड्रमच्या काठापेक्षा जरा खाली ठेवायचं. तेल वर तरंगत राहतं, बाहेर जातं ते खालचं पाणी. वरचा थर आठवड्याने काढून त्याच तेलाच्या डब्यात. ड्रम आणतो म्हणालाय. दिवाळीपासून म्हणतोय.

जायचं तर साडेपाचच्या आत जा, बादलीही स्वच्छ आणि भजीही पहिल्या घाण्याची. शनिवार-रविवार टाळा. सुटे दहा रुपये बरोबर असू द्या.

माझे दहा त्याच्याकडेच आहेत. गप्पांच्या नादात ग्लास हातातच राहिला, आमच्या ओट्यावर पालथा घातलाय. उद्या नेऊन देते.