‘बीट’, ‘थ्रॅश’ की ‘राउट’? विजयासाठी इंग्रजी क्रियापद निवडताना

ठाणे आणि नवी मुंबईत सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटपासून आंतरशालेय स्पर्धांपर्यंत कुठल्याही सामन्याचा वृत्तांत इंग्रजीत लिहायची वेळ आली, की लिहिणारा बहुधा एकाच ठिकाणी अडतो: अमुक संघाने तमुक संघाला हरवले, हे कोणत्या क्रियापदाने सांगायचे? शब्दकोश समानार्थी म्हणून डझनभर शब्द पुढे करतो, परंतु ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. निवड करताना विजयाचे अंतर किती होते आणि तो विजय कसा घडला, या दोन गोष्टी पाहाव्यात, आणि त्यांतली दुसरी अधिक महत्त्वाची मानावी, असे माझे मत आहे. उदाहरणांसाठी लांब जाण्याचेही कारण नाही, कारण नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यांतल्या बहुतेक शब्दांना साजेसा सामना होऊन गेला आहे.

‘बीट’ हा सर्वांत निर्धोक शब्द आहे. तो एका धावेच्या विजयालाही चालतो आणि डावाच्या विजयालाही. 2 नोव्हेंबर 2025 रोजी महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवले. अंतर मोठे दिसत असले, तरी लॉरा वोल्वार्ट शतक करून बाद होईपर्यंत सामना पूर्णपणे सुटलेला नव्हता, म्हणून तेथे ‘थ्रॅश’ लिहिणे चुकीचे ठरले असते आणि ‘बीट’ अगदी योग्य. ‘डिफीट’ याच अर्थाचा, पण अधिक औपचारिक. अहवालात, प्रमाणपत्रावर किंवा वार्षिक अंकात तो शोभतो. मात्र त्याचे नाम जपून वापरावे. ‘इंडियाज डिफीट’ एवढेच लिहिले, तर वाचकाला भारत हरला असे वाटते, आणि जिंकल्याचा अर्थ हवा असेल तर पुढे ‘ऑफ’ लावून प्रतिस्पर्ध्याचे नाव द्यावेच लागते. ‘विन’ मात्र संघाला लागत नाही, सामन्याला किंवा चषकाला लागते. ‘वी वन देम’ हे वाक्य आपल्याकडच्या मैदानांवर सर्रास ऐकू येते, पण लेखनात ते येऊ देऊ नये.

खरी निवड करावी लागते ती एकतर्फी विजयाच्या शब्दांत. ‘थ्रॅश’ हा शब्द ‘थ्रेश’ या क्रियापदाचेच दुसरे रूप असून त्याचा मूळ अर्थ धान्याची मळणी करणे असा आहे. भाताची झोडणी पाहिलेल्या ठाणे जिल्ह्यातील वाचकाला ‘झोडपून काढणे’ आणि ‘थ्रॅश’ यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. यात विजेत्याचा जोर दिसतो: त्याने मारले आणि मारतच राहिला. 14 ते 16 डिसेंबर 2023 या काळात याच मैदानावर भारतीय महिलांनी इंग्लंडला कसोटीत 347 धावांनी हरवले, तेव्हा पहिल्या डावातील 428 धावांपासून तिसऱ्या दिवशीच्या शेवटच्या बळीपर्यंत वर्चस्व एकाच बाजूचे होते. तेथे ‘थ्रॅश’ चपखल बसतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत हा शब्द खऱ्याखुऱ्या मारहाणीसाठीही रोज छापला जातो, त्यामुळे मथळ्यात संघाऐवजी एखाद्या खेळाडूचे नाव असेल, तर भलताच अर्थ निघू शकतो.

‘राउट’ची गोष्ट निराळी आहे. हा रणांगणावरचा शब्द आहे, आणि त्यात जिंकणाऱ्याच्या जोरापेक्षा हरणाऱ्याची उडालेली दाणादाण अधिक दिसते. महिला प्रीमियर लीगच्या पहिल्याच सामन्यात, 4 मार्च 2023 रोजी, मुंबई इंडियन्सच्या 207 धावांसमोर गुजरात जायंट्सचा संघ 64 धावांत कोसळला. अंतर होते 143 धावांचे, तरीही केवळ त्या आकड्यामुळे नव्हे, तर त्या पडझडीमुळे येथे मी ‘थ्रॅश’पेक्षा ‘राउट’ पसंत करीन. लिहिताना शेवटी ‘ई’ हे अक्षर लागले, तर त्याचा ‘मार्ग’ होतो, आणि संगणकाचा शब्दलेखन-तपासनीस ती चूक पकडतोच असे नाही.

‘ट्राउन्स’ अर्थाने ‘थ्रॅश’च्या जवळचा, पण त्यात मारहाणीची छटा आज फारशी जाणवत नाही, शालेय अंकासाठी म्हणूनच तो अधिक सुसंस्कृत वाटतो. ‘ड्रब’ बहुधा ‘ड्रबिंग’ या नामरूपातच भेटतो. त्याचे मूळ मारणे या अर्थाच्या अरबी धातूत असावे असे मानले जाते, म्हणजे आपल्या ‘जरब’चा तो लांबचा नातेवाईक ठरतो. क्रियापद म्हणून तो थोडा जुनाट वाटतो.

‘हॅमर’, ‘क्रश’, ‘डिमॉलिश’ हे मथळ्याचे शब्द आहेत. एका वृत्तांतात त्यांपैकी एक पुरे. ‘स्लॉटर’, ‘मॅसकर’, ‘अॅनायहिलेट’ हे मात्र माणसे मरण्याचे शब्द आहेत आणि शाळकरी मुलांच्या सामन्यासाठी ते वापरूच नयेत. जानेवारी 2016 मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावा केल्या, त्या सामन्यात त्याच्या संघाने 3 बाद 1465 वर डाव सोडला आणि समोरचा संघ 31 व 52 धावांत बाद झाला. एक डाव आणि 1382 धावांच्या त्या विजयाला कोणतेही क्रियापद अपुरे पडते. आकडे द्यावेत, ‘बीट’ लिहावे आणि हरलेल्या मुलांना आणखी बोचकारू नये.

‘व्हाइटवॉश’ एका सामन्यासाठी चालत नाही. मालिकेतील सगळे सामने जिंकले असतील तरच तो लिहावा.

प्रत्यक्ष मारण्याबद्दल लिहायचे असेल, तर ‘हिट’ आणि ‘बीट’ यांची अदलाबदल करू नये. ‘हिट’ हा एक फटका असू शकतो, ‘बीट’मध्ये पुन्हापुन्हा मारणे आहे. भांडणानंतर सोसायटीच्या समितीकडे इंग्रजीत तक्रार करताना हा फरक गंभीर ठरतो, कारण एका चपराकीसाठी ‘बीट’ लिहिल्यास आरोप आपोआप वाढतो. तेथे ‘स्लॅप’ म्हणावे. ‘वॉलप’, ‘क्लोबर’ हे बोलीतले, काहीसे गमतीचे शब्द असल्यामुळे ते तक्रारीत हास्यास्पद दिसतील. फलंदाजाला चेंडू लागलाच नाही, तरी मैदानावर ‘बीट झाला’ म्हणतात, आणि तो प्रयोग इंग्रजीतही शुद्ध आहे.

निसटत्या विजयासाठी वेगळी शब्दावली हवी. 20 ऑक्टोबर 2025 रोजी महिला विश्वचषकात नेरुळलाच बांगलादेशाने शेवटच्या षटकात चार बळी गमावले आणि श्रीलंका 7 धावांनी जिंकली. येथे ‘एज’ किंवा ‘एज पास्ट’ नेमका ठरतो. 1 जून 2008 च्या पहिल्या आयपीएल अंतिम सामन्यात राजस्थान रॉयल्सने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवले, त्यासाठी ब्रिटिश वळणाचा ‘पिप’ शोभतो, कारण त्यात अगदी अखेरच्या क्षणी पुढे जाण्याचा अर्थ आहे. 30 ऑक्टोबर 2025 च्या महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताने 339 धावांचे लक्ष्य पाच गडी राखून गाठले, तेव्हा सात वेळच्या विजेत्या ऑस्ट्रेलियासाठी ‘स्टन’ योग्य होता. ‘अपसेट’ मात्र नाही, कारण भारत काही दुबळा संघ नव्हता. आणि 11 डिसेंबर 2022 च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या महिला टी-ट्वेंटीत दोन्ही संघांच्या 187 धावा झाल्या व भारत सुपर ओव्हरमध्ये जिंकला, अशा वेळी ‘बीट’च लिहावे, पण त्यापुढे ‘इन द सुपर ओव्हर’ हे शब्द गाळू नयेत, कारण मूळ सामन्याची नोंद बरोबरीचीच राहते.