पॉलिश खरवडून स्टेन, की वरूनच रंग?

फर्निचर फिकट करायचं असेल तर प्रश्नच मिटला: जुनं पॉलिश काढावंच लागतं. वरून चढवलेला स्टेन (लाकडाला रंग देणारं द्रावण) लाकूड फक्त गडद करतो.

खरवडायचं तर आधी रिमूव्हर, मग 80, 120, 180 नंबरचा पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेने. स्टेन उघड्या लाकडातच मुरतो; कोपऱ्यात पॉलिशचा पापुद्रा राहिला की तिथे फिकट डाग उमटतो. शंका आली तर ओलं बोट टेकवा: पाणी मुरलं नाही म्हणजे पॉलिश अजून आहे. व्हिनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर, मात्र बरेचदा जेमतेम अर्धा मिलिमीटर. कडेला दोन हात जास्त फिरले की खालचा प्लाय उघडा. मशीन तिथे नकोच.

व्हिनियरला दुसरी वाट, म्हणजे वरूनच रंग, बरी. मेण-तेल टर्पेंटाइनने पुसा, 320 नंबरने फक्त चमक घालवा, जेल स्टेनचा (न मुरता वरच बसणारा घट्ट स्टेन) पातळ हात द्या. एक दिवस वाळवून दुसरा. जाड थर दिलात तर तो चिकट राहतो आणि पुढचं पॉलिश लावताना ब्रशबरोबर ओढला जातो. रंग वरच्यावरच असल्याने पीयूचे (पॉलियुरेथेन, पारदर्शक संरक्षक पॉलिश) दोन-तीन हात हवेतच; तरी खुर्चीच्या हातांवर, ड्रॉवरच्या कडांवर जुना रंग कालांतराने डोकावतो. कपाटाला चालेल, रोजच्या जेवणाच्या टेबलाला नाही.