नवं शेपूट, सात महिने, ६२ तास

टाकी भरलेली असताना माझं विमान शहाण्यासारखं उडायचं आणि उतरायच्या वेळी बिथरायचं. गॅरेजमध्ये बांधलेलं दोन सीटचं विमान, मुक्काम ओहायोत. टाकी पायांच्या वर, गुरुत्वमध्याच्या पुढे. पेट्रोल जळेल तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि तो मागे गेला की विमान कमी स्थिर होतं. म्हणजे लँडिंगसारखं नाजूक काम नेमकं सगळ्यात कमी स्थैर्यात. नाक वर गेलं म्हणून स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) पुढे, ते जास्तच खाली गेलं म्हणून मागे, असे झोके जमिनीपासून दहा फुटांवर दोनदा खाल्ले. दुसऱ्यांदा गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो, कसंबसं उतरलो आणि हँगरमध्ये बराच वेळ नुसता बसून राहिलो.

“हात हलका ठेव, सवय होईल,” असं सगळे सांगायचे. सवय झालीही होती, आणि तेच मला आता जास्त धोक्याचं वाटतं.

शेवटी हिशेब मांडला. पंख ८० चौरस फूट, त्याची पुढून मागे रुंदी ४ फूट. आडवं शेपूट १०.५ चौरस फूट, पंखापासून साडेनऊ फुटांवर. शेपटाचं क्षेत्रफळ गुणिले अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले रुंदी: ०.३१. हा टेल व्हॉल्यूम, म्हणजे शेपूट विमानाला किती स्थिर ठेवतं याचं माप. अशा विमानांत तो ०.५ च्या आसपास असला की निवांत. अंतर वाढवणं सगळ्यात चांगलं. केआर-२ या घरी बांधायच्या विमानावरून केआर-२एस आलं तेव्हा बॉडी १६ इंचांनी लांबवली होती. पण तयार बॉडी कापायचं धाडस मला झालं नाही, म्हणून शेपूटच १४.५ चौरस फुटांचं केलं. आकडा ०.४३ वर आला. एलिव्हेटरचं (शेपटाच्या मागच्या, नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या भागाचं) क्षेत्रफळ मुद्दाम तेवढंच ठेवलं आणि बेलक्रँकवरचं (स्टिकची हालचाल पुढे पोचवणाऱ्या तरफेवरचं) भोक बदललं, म्हणजे स्टिक तेवढीच हलवली तरी एलिव्हेटर कमी हलतो.

इथे एक चूक होता होता टळली. नवं शेपूट तीन पौंड जड. एवढ्या लांबवर तीन पौंड म्हणजे गुरुत्वमध्य जवळजवळ अर्धा इंच मागे! बॅटरी सीटमागून फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीवर नेली, पुन्हा वजन केलं, एलिव्हेटरचं बॅलन्सिंगही नव्याने केलं. बॅलन्स चुकला तर वेगात एलिव्हेटर फडफडून तुटू शकतो; या फ्लटरच्या बाबतीत अंदाज चालत नाही. बदल मोठा असल्याने नियमाप्रमाणे निदान पाच तास पुन्हा एकट्याने चाचणी. मी आठ केले.

टाकी पाव उरली असताना १०० मैल वेगाला ट्रिम करायचं (हात न लावता तोच वेग राहील असं लावायचं), ओढून ९० वर आणायचं आणि स्टिक सोडायची, ही माझी कसोटी. पूर्वी ते ९० च्या आसपासच रेंगाळायचं. आता दोन-तीन लांब हेलकावे घेऊन १०० वर येतं. तासाभराच्या उड्डाणानंतर खांदे दुखत नाहीत. आधी दुखायचे, हे दुखायचे थांबले तेव्हा कळलं.

तोटाही आहे. भरल्या टाकीने एकटा उतरताना गुरुत्वमध्य पुढे असतो; तेव्हा फ्लॅप्स (पंखामागच्या, उतरताना खाली करायच्या झडपा) पूर्ण असले तर स्टिक पोटाला लागते आणि नाक हवं तेवढं उठत नाही. अशा वेळी फ्लॅप्स अर्धेच ठेवतो, पाच मैल जास्त वेगाने येतो. माझी धावपट्टी तीन हजार फुटांची आहे म्हणून परवडतं. आखूड असती तर मी शेपूट थोडं लहान ठेवलं असतं.