एका फोटोमागचं एक मिनिट: एप्सन परफेक्शन व्ही६०० स्कॅनर आणि आमच्या सासूबाई

घरात जुने फोटो पेटीत, पाकिटांत, चिकटवलेल्या अल्बमांत पडून आहेत आणि ते ओळखणारं माणूस अजून आपल्यात आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. यंत्र आहे एप्सनचा परफेक्शन व्ही६००. २००९ सालचं मॉडेल, म्हणजे नवं काहीच नाही. ए४ कागद मावेल एवढी काच, झाकणाच्या आत फिल्मसाठी वेगळा दिवा, निगेटिव्ह आणि स्लाइड धरायला प्लॅस्टिकच्या चौकटी. आमच्या घरी तो जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मांडलेला असतो. सासूबाई, माझी मुलगी आणि मी अशा तिघी त्याच्याभोवती बसतो.

यंत्राचा वेग सांगायचा तर तो सावकाश आहे. आणि याच कामासाठी मी त्याला वेगवान यंत्रापेक्षा वरचा नंबर देते.

वेगवान पर्याय आहेत आणि तेही चांगले आहेत. याच कंपनीचा फास्टफोटो एफएफ-६८०डब्ल्यू ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) सेकंदाला एक फोटो ओढतो, ३६ फोटोंचा गठ्ठा एकदम घेतो आणि मागची बाजूही टिपतो. ज्यांना हजारो फोटो लवकर संपवायचे आहेत त्यांनी तो घ्यावा. फोटो बाहेर पाठवून स्कॅन करून घेण्याची सोयही असते. आमच्या माहेरच्या फोटोंचं काम असं एकीकडे दिलं होतं. फाइली स्वच्छ आल्या, पण त्यांना नुसते क्रमांक होते, पाकिटांचा क्रम मोडलेला होता आणि मागच्या बाजू कुणी पाहिल्याच नव्हत्या. चेहरे दिसतात, पण कोण कोणाचं हे सांगणारी एक ओळ नाही. ते फोटो आजही पेन ड्राइव्हमध्ये आहेत. कुणी उघडत नाही.

व्ही६०० वर फोटो हाताने काचेवर ठेवावा लागतो. प्रीव्ह्यू, चौकट आखणं, मग खरा स्कॅन. ६०० डीपीआयला सगळं मिळून मिनिटभर तरी जातं. त्या मिनिटात करण्यासारखं दुसरं काही नसतं. हातात फोटो नाही, पडद्यावर चित्र हळूहळू उतरतंय. आणि त्याच वेळी आई, म्हणजे सासूबाई, बोलायला लागतात. मी "आई, हे कोण हो?" एवढंच विचारते. समोरासमोर बसून "तुमच्या लहानपणाबद्दल सांगा" म्हटलं तर त्या "काय सांगायचं त्यात" म्हणून उठून जातात. फोटो समोर असला की प्रश्न त्यांना विचारलेला राहत नाही, तो फोटोतल्या माणसाबद्दल होतो. मग त्या मोकळ्या होतात.

कामाची वाटणी आपोआप झाली. पेटीतून कुठला फोटो काढायचा ते आई ठरवतात. माउस मुलीकडे. लिहिणं माझ्याकडे. फोन टेबलावर रेकॉर्डिंगला लावलेला असतो, तो त्यांना विचारून आणि त्यांच्या देखत चालू करतो. आपला आवाज साठवला जातोय हे त्यांना कळलेलं असावं, असं मला वाटतं.

आकड्यांचं थोडं सांगते, कारण विकत घेताना यातच गोंधळ होतो. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं. त्याच्या मागे लागू नका, एवढा बारकावा या यंत्रातून प्रत्यक्षात निघत नाही, आणि कागदावरच्या फोटोत तो नसतोही. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, म्हणजे साधारण ८६ लाख पिक्सेल. टिफ फाइल (बारकावा न गमावता चित्र साठवणारी) २६ एमबीच्या आसपास. पुन्हा मोठा छापायला हे भरपूर आहे. अपवाद एकच: लहान फोटो. जुन्या १२० या रुंद फिल्मवरून मोठे न करता थेट काढलेले ६ सेंटिमीटरचे चौकोनी फोटो आकाराने लहान असले तरी त्यात फार बारकावा असतो. ते १२०० ला करा.

आईंचा सायकलवरचा फोटो असाच आहे. त्या १९ वर्षांच्या. फोटो इतका लहान की आजवर सगळ्यांनी त्यात फक्त त्यांना आणि सायकलीला पाहिलं होतं. मुलीने १२०० ला स्कॅन केला, मोठा करत करत कडेला गेली आणि म्हणाली, "आजी, सीटला हा कोणाचा हात आहे?" शर्टाची बाही, मनगटावर घड्याळ, बाकीचा माणूस चौकटीबाहेर. आईंनी चष्मा पुसला. "अगं, हे दादाचं घड्याळ." त्यांचा मोठा भाऊ. त्याने सायकल शिकवली, घरातून विरोध होता, तो रोज पहाटे मागे धावायचा, हे सगळं त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं. माझ्या नवऱ्यालाही. आपल्या आईला सायकल येते हेच त्याला माहीत नव्हतं.

फोटो दाबून सपाट करावे लागत नाहीत, ही या यंत्राची दुसरी मोठी बाजू. आत सीसीडी सेन्सर आहे, आरसे आणि भिंगातून प्रतिमा घेणारा. त्यामुळे काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहिलेला भागही बऱ्यापैकी स्पष्ट येतो. स्वस्त आणि पातळ स्कॅनरमध्ये बहुधा सीआयएस सेन्सर असतो. त्याला कागद काचेला चिकटलेला लागतो, जरा उचलला की धूसर. जुने स्टुडिओ फोटो जाड पुठ्ठ्यावर असतात, कडा वर आलेल्या असतात. त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

झाकण बिजागरीसकट वर उचलता येतं, त्यामुळे अल्बमही ठेवता येतो. हे फार उपयोगी पडलं, कारण आमच्याकडे चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम आहेत. त्यातला गोंद वर्षांनी पिवळा पडतो आणि फोटो ओढला तर फाटतो. जो सुटत नाही तो पानासकट स्कॅन करा. काढायचाच असेल तर मेण नसलेला दातांचा दोरा फोटो आणि पान यांच्या मधून करवतीसारखा हळूहळू सरकवायचा. अभिलेखागारांत हीच पद्धत सांगतात. आमच्याकडे हे काम मुलगी करते. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

मागची बाजू प्रत्येक वेळी स्कॅन करा, कोरी दिसली तरी. कधी फिकट पेन्सिल असते, कधी स्टुडिओचा शिक्का. एका फोटोमागे सासऱ्यांच्या अक्षरात फक्त "हिचा ताप उतरला" एवढंच आहे. तारीख नाही, नाव नाही. समोर बघितलं तर खिडकीजवळ पांघरूण घेऊन बसलेल्या आई. सासरे गेल्याला खूप वर्षं झाली. माझ्या मुलीने आजोबांचं हस्ताक्षर कधी पाहिलं नव्हतं. ती फाइल तिने स्वतःच्या फोनमध्ये घेतली.

माहिती फाइलच्या नावात कोंबू नका. फोटोच्या फाइलमध्येच वर्णनाची जागा असते, तिला आयपीटीसी म्हणतात. डावीकडून उजवीकडे नावं, नातं, ठिकाण, कोणी सांगितलं, हे तिथे लिहिलं की ते फोटोबरोबरच राहतं. फक्त काही मेसेजिंग अ‍ॅप पाठवताना ते काढून टाकतात, म्हणून मूळ फाइल जपा. तारीखही बदलावी लागते, नाहीतर फोनच्या गॅलरीत पणजी आजच्या दिवसात येऊन बसते.

तारखेवरून वाद होतात, आणि ते होऊ द्यावेत. सासूबाईंची धाकटी बहीण, आमची मावशी, फोनवर असते. एका फोटोत दोघी बहिणी पायऱ्यांवर बसल्या आहेत. आई म्हणतात त्या दिवशी मावशीचा निकाल लागला होता. मावशी म्हणते, छे, ताई, त्या दिवशी तू मला मारलं होतंस आणि मी रुसले होते, तोंड बघ माझं. मी वर्णनात दोन्ही लिहिलं, नावासकट. त्यानंतर मावशी स्वतःहून फोन करून "आज कुठला फोटो आहे?" असं विचारायला लागली.

आईंचं बोलणं काही फोटोंवर संपतच नाही आणि काहींवर एका वाक्यात आटोपतं. मानसशास्त्रात हे नोंदलेलं आहे: उतारवयात माणसाला सर्वांत दाट आठवणी साधारण १० ते ३० या वयातल्या असतात. म्हणून मी पेटीतला तो काळ आधी घ्यायला सांगते. रंगीत अल्बम नंतरही होतील, त्यातली माणसं आम्ही ओळखतो. १९७० च्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडलेत म्हणून घाई वाटते खरी, आणि सॉफ्टवेअरमधलं रंग सुधारण्याचं बटण त्यावर बरंच काम करतं, पण सांगणारं माणूस ज्या फोटोंसाठी एकटं उरलं आहे ते फोटो पहिले.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी २० प्रश्न तयार केले होते: आई-वडील कसे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, तुझं नाव कुठून आलं, अशा धर्तीचे. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत, त्यांचा आत्मसन्मान आणि आयुष्य आपल्या हातात असल्याची भावना जास्त आढळली. ड्यूक यांनी हेही बजावलं आहे की उत्तरं पाठ करून घेतल्याने काही होत नाही. ती उत्तरं ज्या बसण्या-बोलण्यातून मुलांपर्यंत पोचतात, त्यात खरं बळ आहे. आमच्या टेबलावर मला हे दिसतं. मुलगी आता आजीला परीक्षेची भीती सांगते, जी मला सांगत नाही.

निगेटिव्हबद्दल थोडक्यात. ३५ मिलिमीटर फिल्मवरची १२ चित्रं किंवा ४ स्लाइड एका वेळी बसतात. २४०० डीपीआय पुरे. धूळ आणि ओरखडे काढणारी डिजिटल आयसीई ही सोय अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशावर चालते. बहुतेक रंगीत फिल्ममधले रंग तो प्रकाश पार जाऊ देतात, धूळ अडवते, त्यावरून यंत्राला धूळ कळते. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममधली चांदी तो प्रकाश अडवते, म्हणून तिथे ही सोय बंद ठेवा. फिल्मची चौकट मात्र तकलादू वाटते आणि वाकलेली पट्टी तीत बसवताना वेळ जातो. निगेटिव्ह आजीबरोबर करू नयेत, हे माझं मत. उलटे रंग, बारीक काम, त्यांना त्यात काही दिसत नाही. ते काम मी एकटी रात्री करते आणि तयार चित्र सकाळी त्यांच्यासमोर ठेवते.

यंत्र मोठं आहे, चार किलोंच्या आसपास, वेगळं वीजजोड लागतं, कपाटातून रोज काढण्याजोगं नाही. तुमच्याकडे फक्त सपाट, चांगल्या अवस्थेतले फोटो असतील, फिल्म नसेल, तर हलका सीआयएस स्कॅनर पुरेल. टेबलावर बसणारी माणसं तीच हवीत. आणि मूळ फोटो ओळखणारं कुणीच उरलं नसेल तर वेगवान यंत्र घ्या, वाट पाहण्यात मग अर्थ नाही.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. आमची ती तिसरी प्रत मावशीकडे असते. पुढच्या महिन्यात ती राहायला येते आहे, स्वतःची पेटी घेऊन. तिच्या पेटीत सायकल शिकवणाऱ्या दादाचे फोटो आहेत म्हणे, ते सगळ्यांत आधी घ्यायचे असं मुलीने ठरवून टाकलं आहे.